मुलीचं सायकलिंग: रोड की ट्रॅक, आणि पोटापाण्याचं काय?

बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. शालेय स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली, गावच्या जत्रेतल्या शर्यतीतही मोठ्या पोरांना शेवटपर्यंत चिकटून राहिली. शाळेतले पीटीचे सर म्हणतात, रोड सोडा, ट्रॅकला, म्हणजे गोल ट्रॅकवरच्या शर्यतींना घाला, पदकं तिथं आहेत. मामा म्हणतो, सोनं गहाण ठेवून कार्बनची सायकल घेऊ. वडील म्हणतात, यात पोट भरतं का ते आधी सांगा. आणि ताईंच्या मनात आहे की कोल्हापूरला मावशीकडे ठेवून महाराष्ट्राकडून खेळवावं का.

मी कर्नाटकाकडून रोड आणि ट्रॅक दोन्ही खेळले, खेळावरच नोकरी लागली, आता पहाटे पोरींना घेऊन रस्त्यावर असते. ताई, वडिलांच्या प्रश्नापासून धरते. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे निम्मे सुटतात.

टीव्हीवर दिसतं ते युरोपातलं सायकलिंग. तिथं सगळ्यात वरच्या फळीत, म्हणजे विमेन्स वर्ल्डटूरमध्ये, संघ मुलीशी करार करतो, पगार देतो. सायकल, मेकॅनिक, डॉक्टर सगळं त्यांचं. पण हेही फार जुनं नाही. वर्ल्डटूर सुरू झाली २०१६ मध्ये. किमान पगाराची सक्ती आली २०२० मध्ये, वर्षाला १५,००० युरो. २०२३ पर्यंत ती ३२,१०२ युरोवर गेली. बायकांची टूर द फ्रान्स पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. सगळ्यात खालच्या फळीतल्या कॉन्टिनेन्टल संघांना पगाराची सक्ती नाही, तिथं पुष्कळ मुली घरच्या पैशावर किंवा दुसरी नोकरी सांभाळून शर्यती मारतात. टोकियो ऑलिंपिकची रोड रेस जिंकलेली ऑस्ट्रियाची ॲना कीसेनहोफर गणितातली संशोधक होती, आणि त्या वेळी तिचा कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता. युरोपात ही स्थिती.

आपल्याकडे मुलींना पगार देणारा तसला व्यावसायिक संघच नाही. भारताची एकही महिला अजून ऑलिंपिकमध्ये सायकल चालवायला उतरलेली नाही. पुरुषसुद्धा १९६४ च्या टोकियोनंतर नाहीत. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण पोरीला 'प्रोफेशनल' करायचं म्हणून कोणी क्लासवाला महिन्याला मोठी फी मागत असेल, तर तो नेमकं काय विकतोय ते तुम्हाला कळलेलं बरं.

मग पोट कशावर भरतं? नोकरीवर. रेल्वे, पोलीस, राज्य सरकारची खाती, सगळीकडे खेळाडूंच्या जागा असतात, आणि राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक हे त्या दाराचं तिकीट. रेल्वेचा स्वतःचा सायकलिंग संघ आहे. नोकरी लागली की सरावाला सवलत, स्पर्धेला रजा, आणि महिन्याच्या महिन्याला पगार. घरचेही मग 'किती दिवस हे' असं विचारायचं थांबतात. त्याआधीच्या वर्षांत केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो, शिवाय राहणं, खाणं, प्रशिक्षण वेगळं. म्हणजे आपल्याकडच्या मुलीचं करिअर साधारण असं असतं: चौदा ते सोळा वसतिगृहात किंवा घरून पाया घालायचा, सतरा-अठराला ज्युनिअर गटात राष्ट्रीय पदक काढायचं, वीस-बावीसपर्यंत नोकरी, आणि मग नोकरीच्या जोरावर जमेल तेवढी वर्षं आशियाई पातळीवर झुंजायचं. वडिलांना सांगा, पोट भरतं. पण ज्या पोरी बारावीच्या आधी शाळा सोडतात त्यांचं भरत नाही. पदक आहे आणि शिक्षणाची अट पुरी होत नाही, अशा पोरी मी बघितल्या आहेत.

आता पीटीच्या सरांचं. पदकांचा त्यांचा हिशेब बरोबर आहे. रोडला मुलीला टाइम ट्रायल (एकटीने घड्याळाशी) आणि मास स्टार्ट (सगळ्या एकदम सुटतात) अशा मोजक्याच शर्यती मिळतात. ट्रॅकवर स्प्रिंट, टीम स्प्रिंट, केरिन, टाइम ट्रायल, परस्यूट, टीम परस्यूट, स्क्रॅच, पॉइंट्स, एलिमिनेशन, ओम्नियम, मॅडिसन अशी मोठी यादी आहे. शिवाय रोडला साठ मुलींतून एकच पहिली येते, आणि त्यातही पंक्चर, पडापडी, पुढच्या घोळक्यातून सुटणं, असली नशिबाची भानगड. भारतीय मुलींचं नाव बाहेर गेलं तेही ट्रॅकवरच. अंदमानची डेबोरा हेरॉल्ड, २००४ च्या त्सुनामीतून वाचलेली मुलगी, ५०० मीटर टाइम ट्रायलच्या जागतिक क्रमवारीत २०१५ मध्ये चौथ्या नंबरापर्यंत गेली. भंडाऱ्याची मयूरी लुटे हीसुद्धा ट्रॅकवरची स्प्रिंटरच.

पण 'रोड सोडा' हे मला पटत नाही, पंधराव्या वर्षी तर मुळीच नाही. ट्रॅकवर वापरायचा दम रस्त्यावर तयार होतो. टीम परस्यूट घ्या. चौघी मुली, ४ किलोमीटर, वेळ धरतात ती तिसऱ्या मुलीची. पुढची मुलगी वारा खाते, वळणावर वर चढून सरकते आणि शेपटाला येऊन चिकटते. ताशी पन्नासच्या वर वेगात हे साडेचार मिनिटांच्या आसपास चालतं. ज्या मुलीने रस्त्यावर दोन-तीन वर्षं किलोमीटर घातलेले नाहीत, ती तिसऱ्या किलोमीटरला मागे पडते. त्यात २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलले: मोठ्या बायकांची टाइम ट्रायल ५०० मीटरची १ किलोमीटर झाली, वैयक्तिक परस्यूट ३ ची ४ किलोमीटर झाली. अर्ध्या मिनिटाच्या ताकदीवर निघणारं काम आता मिनिटाच्या वर गेलं. रस्त्यावर घडलेल्या पोरींना हे सोयीचंच आहे.

जगातल्या मोठ्या बायका बघा. नेदरलँड्सची मारियाने फॉस: २००८ ला बीजिंगमध्ये ट्रॅकवर पॉइंट्स रेसचं सुवर्ण, २०१२ ला लंडनमध्ये रोड रेसचं सुवर्ण. बेल्जियमची लोटे कोपेकी २०२३ मध्ये ग्लासगोला एकाच जागतिक स्पर्धेत ट्रॅकवरही जिंकली आणि रोडवरही. अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर तर पॅरिसला मुळात ट्रॅकसाठी निवडली होती. रोड रेसमध्ये तिला मागाहून जागा मिळाली, तिने १५८ किलोमीटरची ती शर्यत जिंकली आणि तीन दिवसांनी टीम परस्यूटचंही सुवर्ण घेतलं. आणि आपल्या शेजारचंच नाव हवं असेल तर हातकणंगले तालुक्यातल्या इंगळीची पूजा दानोळे. निपाणीपासून असं कितीसं लांब आहे ते! तिनेही रोड आणि ट्रॅक दोन्हीकडे पदकं काढली.

मुलगी स्प्रिंटची आहे की दमाची, हे सरांनी किंवा मी बघून सांगायचं नाही. स्टॉपवॉच सांगतं. सपाट, कमी वर्दळीचा रस्ता धरा. एक दिवस २०० मीटर, मागून पूर्ण वेग घेऊन. दुसऱ्या दिवशी १ किलोमीटर, जागेवरून सुटून. तिसऱ्या दिवशी सौम्य चढावर २० मिनिटं, जास्तीत जास्त किती अंतर जातं ते. दर दोन महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच सायकलवर हेच करायचं आणि वहीत लिहायचं. वर्षभराने वहीच बोलते. जिचे २०० मीटर झपाट्याने सुधारतात आणि २० मिनिटांचं काही हलत नाही ती स्प्रिंटला, उलट असेल ती परस्यूट आणि रोडला. निर्णय सतराव्या वर्षी.

रस्ते तुमच्याकडे उत्तम आहेत, हे खानापूरवाल्यांना बाहेर गेल्यावरच कळतं. जांबोटीकडे जाणारा रस्ता सारखा चढतो-उतरतो, पायाला लय लागू देत नाही. पंधराव्या वर्षी तेच हवं. नंदगड-हल्याळकडे तुलनेने सरळ, तिथं टाइम ट्रायल. मात्र जून ते सप्टेंबर जांबोटीच्या पुढे चोर्ल्याकडे पोरींना अजिबात सोडू नका. पाऊस, धुकं, झाडाचा ओला पाला आणि गोव्याचे ट्रक. आठवड्याला आठ-दहा तास पुष्कळ झाले. त्यात एक लांबचा दिवस साठ-सत्तर किलोमीटरचा, एक चढाचा, एक स्प्रिंटचा, बाकी हलकं. हलकं म्हणजे शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं हलकं. आपल्या पोरी हा दिवस कधीच नीट करत नाहीत, रोज एकमेकींना हरवायला बघतात.

महिन्यातून एकदा तरी बैलहोंगल-सौंदत्तीच्या उघड्या माळावर न्या. खानापूरच्या झाडीत वारा काय असतो ते कळत नाही. मागे चिकटून चालवलं की साधारण पाव ते तृतीयांश जोर वाचतो, हे सगळ्या पोरी ऐकून असतात. पण वारा बाजूने आला की बरोबर मागे राहून काही उपयोग नसतो. वारा डावीकडून असेल तर पुढच्या मुलीच्या उजव्या बाजूला, थोडं मागे, तिच्या चाकाला आपलं चाक लागणार नाही अशा बेताने राहावं लागतं. अशी तिरकी रांग लागते, आणि रस्ता संपला की शेवटच्या मुलीला आडोसा उरत नाही. शर्यत फुटते ती अशा ठिकाणीही, नुसती चढावर नव्हे. विजापूर-बागलकोटच्या पोरींना हे अंगवळणी असतं, आपल्या पोरी तिथंच मागे पडतात. (रिकामा, बंद रस्ता मिळाल्याशिवाय हे करायचं नाही.)

ऊस सुरू झाला की सकाळचा अंधार टाळा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाजूला ऊस हातभर बाहेर आलेला. चिकोडी, अथणी, निपाणीकडे तर नोव्हेंबरपासून रस्ता त्यांचाच. मागे स्कूटरवर कोणीतरी मोठं माणूस असल्याशिवाय माझ्या पोरी हायवेला लागत नाहीत.

ट्रॅकची सायकल मात्र वेगळंच जनावर. ब्रेक नाही, गिअर एकच, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. रोडवरच्या सवयीने मुलगी शेवटची रेघ ओलांडली की पाय थांबवते, आणि पेडल तिला मागून लाथ घातल्यासारखं सीटवरून उचलतं. पहिल्या आठवड्यात निम्म्या पोरी अशाच पडतात. दिल्लीचा इंदिरा गांधी स्टेडियममधला व्हेलोड्रोम, म्हणजे सायकलचा ट्रॅक, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला, लाकडी, २५० मीटरचा. वळणावर उतार चाळीस अंशांच्या वर. खाली उभं राहून बघितलं तर भिंतच वाटते. हळू गेलात तर टायर घसरून खाली येता, म्हणून भीती वाटली की वेग वाढवायचा, हे अंगात मुरायला वेळ लागतो. पुण्याच्या बालेवाडीलाही एक आहे, तो काँक्रीटचा. बेळगावात ट्रॅक नाही. म्हणून आम्ही घरी रोलरवर (यावर सायकल जागच्या जागी चालवता येते) मिनिटाला १२० फेऱ्यांपर्यंत पाय फिरवायला शिकवतो आणि रस्त्यावर भारी गिअरवर जागेवरून सुटण्याचा सराव करतो. ट्रॅकवर पाय ठेवण्याआधी एवढं झालं तरी खूप.

मामांना सांगा, सोनं घरातच राहू दे. पंधराव्या वर्षी मुलगी अजून वाढतेय, दोन वर्षांत फ्रेमचा साइज बदलेल. ॲल्युमिनियम फ्रेमची जुनी, नीट मापाची रोड बाईक घ्या. घेताना हँडलखाली दोन नळ्या मिळतात तिथं रंगाखाली केसासारखी रेघ आहे का बघा. असेल तर फुकट दिली तरी नको. चाक उचलून फिरवा, रिम आणि ब्रेक शूमधली फट सारखी राहते का बघा. चेनला पट्टी लावा: १२ पूर्ण कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं तर चेन बदलायला आली, पुरं सूत भरलं तर कॅसेटही, म्हणजे मागची दातेरी चक्रंही, गेली समजा आणि तेवढे पैसे कमी करायला लावा. सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ. उरलेल्या पैशात चांगलं हेल्मेट आणि पॅडच्या दोन शॉर्ट घ्या. शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नसतं आणि ती रोज धुवायची असते. हे कोणी पुरुष कोच सांगत नाही, मग पोरी गळवं आणि जखमा लपवत सराव करतात.

ताई, पुढचं तुम्ही स्वतः बघायचं आहे. सराव वाढला आणि पाळी तीन महिने आली नाही, तर 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. अंगाला लागेल तेवढं खाणं पोटात जात नाही, असा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. हाडं कच्ची राहतात. डॉक्टरला दाखवा. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. खाण्याला पावडरी लागत नाहीत. नाचणीची भाकरी, उसळ, अंडी, दही, शेंगदाणे घरचंच आहे. दीड तासाच्या वर सायकल असेल तर खिशात केळी आणि गुळाचा खडा, दर तासाला काहीतरी गेलंच पाहिजे. जिमवाल्याने दिलेला डबा घरात आणू नका. डोपिंगमध्ये सापडलं तर 'माहीत नव्हतं' हे चालत नाही. सर्दीचं औषधसुद्धा विचारून घ्यायचं.

कोल्हापूर की इथं? मी असते तर आधी कर्नाटकाचीच वसतिगृहं बघितली असती. सायकलिंगमध्ये उत्तर कर्नाटक जोरात आहे. रामदुर्ग तालुक्यातली चंदरगीची क्रीडाशाळा आपल्याच जिल्ह्यातली. विजापूर, बागलकोट, गदगला क्रीडा खात्याची वसतिगृहं आहेत. राहणं, जेवण, शाळा, सायकल, कोच, सगळं एका ठिकाणी. मराठी शाळेतल्या मुलीला तिथं कन्नडचा त्रास होतो, होऊ दे. कोच 'होगु, होगु' ओरडला की जोर लावायचा एवढं पहिल्या दिवशी कळतं, बाकीचं खोलीतल्या मैत्रिणी शिकवतात. दहावीचं माध्यम बदलणार का, हे मात्र प्रवेशाआधी पक्कं विचारा. नववीतून दहावीत जाताना माध्यम बदललं तर मार्कांवर बसतं. जमलं तर दहावी आपल्या शाळेतून करा आणि अकरावीला पाठवा.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून सीमेवरच्या पुष्कळ घरांचं मन तिकडे ओढतं. सीमावादातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तिथल्या भरतीत अर्ज करता येतो, हेही खरं. पण खेळाडूच्या जागेचा नियम वेगळा. तिथं पदक कोणत्या राज्याकडून खेळून मिळवलं याला महत्त्व असतं. पदक कर्नाटकाचं आणि नोकरी महाराष्ट्राची, असा हिशेब मनात धरून बसू नका. ताजा शासन निर्णय काढून वाचा, मग ठरवा. एकदा एका राज्याकडून नोंदणी झाली की दुसरीकडे जायला ना-हरकत लागते आणि त्यात अख्खा हंगाम जाऊ शकतो. वर्षाला राज्य बदलत फिरणाऱ्या पोरींना दोन्हीकडचे लोक बाहेरचंच समजतात.

कुठंही पाठवलंत तरी तिथं बाई वॉर्डन आहे का, परगावी स्पर्धेला संघाबरोबर बाई जाते का, हे तोंडावर विचारा. लाजू नका. २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरातून भारताच्या एका महिला सायकलपटूने मुख्य प्रशिक्षकाच्या वागण्याची तक्रार केली. तिला परत आणलं, आणि त्या प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. राष्ट्रीय संघात जे घडू शकतं ते तालुक्याला घडणार नाही असं समजू नये. पोरीला एवढंच माहीत पाहिजे की तिने फोन केला तर घरी आधी तिचं ऐकलं जाईल, सायकलिंग बंद करण्याची धमकी मिळणार नाही. त्या धमकीपायीच पोरी गप्प बसतात.

निवड चाचणीला जाण्याच्या महिनाभर आधी एक काम उरकून घ्या. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत, आणि तिन्हीकडे नाव वेगळं, हे आपल्या भागात घरोघरी आहे. एकीकडे 'पाटील', एकीकडे वडिलांचं नाव आधी, एकीकडे जन्मतारखेत फरक. सायकलिंगमध्ये गट ठरतो तो जन्मवर्षावर, आणि वयचोरीच्या तक्रारी इतक्या असतात की कागदात शंका आली की मुलीला सरळ बाजूला बसवतात. तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख एकच करून घ्या. चाचणीला मूळ कागद, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, दोन ट्यूब, पंप आणि घरचं पाणी. सायकल आदल्या दिवशी धुवायची, पण नवीन टायर चढवायचा नाही.